आधुनिक वास्तुशैली आणि वनप्रदेश : चंद्रपूर-गडचिरोलीच्या कसोटीवर एक परीक्षण

१

वास्तुकलेच्या विवेचनात ‘शैली’ हा शब्द जितका सोयीचा, तितकाच फसवा आहे. सोयीचा अशासाठी की, त्याच्या योगाने असंख्य इमारतींची वर्गवारी करता येते. फसवा अशासाठी की, वर्गवारी झाली म्हणजे आकलन झाले, असा समज त्यातून दृढ होतो. आधुनिक वास्तुकलेची ओळख करून देणारे बहुतेक ग्रंथ एका ठरावीक क्रमाने चालतात. प्रथम कार्यवाद व त्यातून निघालेली आंतरराष्ट्रीय शैली, नंतर अनघड काँक्रीटची ‘ब्रुटॅलिस्ट’ रीत, तिच्यामागून उत्तर-आधुनिक प्रतिक्रिया आणि शेवटी प्रादेशिकतेचा पुरस्कार, असा तो क्रम होय. प्रत्येक शैलीची लक्षणे दिली जातात, तीही मुख्यतः डोळ्यांना दिसणारी : सपाट छप्पर, आडवी खिडकी, उघडे काँक्रीट, अलंकृत दर्शनी भाग, स्थानिक दगड. विद्यार्थी ही लक्षणे पाठ करतो आणि छायाचित्र पाहून शैलीचे नाव सांगू लागतो.

या पद्धतीचा दोष असा की, ती वास्तूकडे चित्र म्हणून पाहते. वास्तू ही प्रथम एक भार वाहणारी रचना आहे. दुसरे म्हणजे ती कोठून तरी आणलेल्या द्रव्याची बनलेली असते. आणि तिसरे म्हणजे कोणीतरी ती कोणासाठी तरी बांधवलेली असते. म्हणून शैलीशैलींतील खरा भेद समजून घ्यावयाचा, तर प्रत्येक शैलीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. भार कोण वाहतो? द्रव्य कोठून येते आणि कोणाच्या अनुज्ञेने? आणि वास्तू कोणाला उद्देशून उभी राहते? प्रस्तुत लेखात हे तीन प्रश्न चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील वास्तूंना लावून पाहण्याचा हेतू आहे.

हा प्रदेश निवडण्यास कारण आहे. १९६४ पर्यंत ‘चांदा’ या नावाने ओळखला जाणारा हा मुलूख २६ ऑगस्ट १९८२ रोजी दोन जिल्ह्यांत विभागला गेला. त्यांपैकी गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. वैनगंगेच्या तीरावरील मार्कंडा येथील पाषाणमंदिरे आणि चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट, त्याचे जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर हे चार दरवाजे, ही या भूमीची प्राचीन व मध्ययुगीन वास्तुसंपदा सर्वश्रुतच आहे. परंतु आधुनिक वास्तुकलेच्या चर्चेत या जिल्ह्यांचे नाव येत नाही. तेथे चंडीगड, अहमदाबाद, मुंबई यांचीच नावे येतात. वस्तुतः एखाद्या शैलीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही तिच्या राजधानीत जितकी कळतात, त्याहून अधिक तिच्या सीमेवर कळतात.

२

आंतरराष्ट्रीय शैली हे नाव १९३२ सालचे आहे. त्या वर्षी न्यूयॉर्क येथील आधुनिक कला संग्रहालयात आधुनिक वास्तुकलेचे प्रदर्शन भरले आणि त्याच्या निमित्ताने हेन्री-रसेल हिचकॉक व फिलिप जॉन्सन यांनी लिहिलेल्या ग्रंथाने हे नाव रूढ केले. त्यांनी तीन तत्त्वे सांगितली : वास्तू ही वस्तुमान नसून आकारमान होय, समतोल हा सममितीने नव्हे तर नियमिततेने साधावा, आणि वरून चढविलेला अलंकार वर्ज्य समजावा. यामागे पूर्वपीठिका होती. आकार हा कार्याच्या मागून येतो, असे लुई सलिव्हनने १८९६ मध्ये प्रतिपादिले होते. अलंकाराला आडोल्फ लोसने विसाव्या शतकाच्या प्रारंभी अपराधाच्या पंक्तीत बसविले होते. वाल्टर ग्रोपियसने १९१९ मध्ये स्थापिलेल्या बाउहाउस या शिक्षणसंस्थेने कला आणि यंत्रोत्पादन यांची सांगड घालण्याचा यत्न केला होता. ल कॉर्बुझिएने तर नव्या वास्तूची पाच सूत्रेच मांडली : इमारत खांबांवर उचलावी, गच्चीवर बाग करावी, अंतर्गत मांडणी मोकळी ठेवावी, खिडकी आडवी व सलग असावी आणि दर्शनी भिंत भारातून मुक्त असावी.

या पाच सूत्रांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. सलोह काँक्रीटचा किंवा पोलादाचा सांगाडा भार वाहू लागला, म्हणजे भिंत भारमुक्त होते. भिंत भारमुक्त झाली की ती हवी तेथे घेता येते, हवी तेव्हा काढता येते, काचेची करता येते. आंतरराष्ट्रीय शैलीचा आत्मा या भारमुक्त भिंतीत आहे. सपाट छप्पर आणि पांढरा गिलावा ही केवळ तिची बाह्य चिन्हे होत.

आता या तत्त्वाच्या दृष्टीने धानोरा किंवा भामरागड तालुक्यातील गोंड-माडिया घराकडे पाहावे. जमिनीत रोवलेल्या लाकडी बल्ल्या छपराचा सारा भार वाहतात. भिंत कुडाची असते. म्हणजे बांबूच्या कमच्या विणून त्यावर मातीचा लेप दिलेला असतो. ती भिंत काढली तरी छप्पर पडत नाही. याचा अर्थ असा की, भार वाहणारा सांगाडा आणि भारमुक्त भिंत हे जे तत्त्व युरोपात एका क्रांतीचे फळ मानले गेले, ते या अरण्यात नित्याच्या व्यवहारात होते. या साम्यात नवल वाटण्याचे कारण नाही. जर्मन वास्तुविचारक गॉटफ्रीड झेम्पर याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनात कॅरिबियन बेटांवरील एक झोपडी पाहिली आणि त्या सुमारास वास्तूची चार मूलतत्त्वे सांगितली : चूल, ओटा, छप्पर आणि विणलेले आवरण. भिंतीचे मूळ रचलेल्या दगडात नसून विणलेल्या चटईत आहे, हा त्याचा सिद्धान्त पुढे आधुनिकांच्या पडदेवजा भिंतीला आधारभूत ठरला. कुड ‘विणतात’, ‘रचत’ नाहीत, हे आपली भाषाही सांगतेच. तात्पर्य, रचनातत्त्वाच्या दृष्टीने माडिया घर हे पाषाणमंदिरापेक्षा आधुनिक वास्तूला जवळचे आहे.

मग आंतरराष्ट्रीय शैली या प्रदेशात आली, ती कोणत्या रूपाने? ती आली ‘टाइप प्लॅन’च्या रूपाने. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, तहसील कचेरी, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने यांसाठी एकच नमुना-नकाशा तयार करावयाचा आणि तो कोकणातही वापरावयाचा व सिरोंच्यातही, ही त्यामागील रीत होय. सपाट स्लॅब, आखूड छज्जा, विटांच्या भिंती, ऑइलपेंटचा पट्टा. या इमारतींवर अलंकार नसतो, परंतु अलंकाराचा अभाव म्हणजे कार्यवाद नव्हे. कार्यवादाची पहिली अट अशी की, वास्तूने आपले कार्य करावे. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४७ अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी उघडी काँक्रीटची स्लॅब दिवसभर उष्णता साठविते आणि रात्री ती आत सोडते. याउलट कवेलूंच्या उतरत्या छपराच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. म्हणजे कार्याच्या कसोटीवर टाइप प्लॅन कार्यवादी ठरत नाही. त्याने शैलीची लक्षणे तेवढी उचलली आहेत, तिचे तत्त्व उचललेले नाही. शैली चित्ररूपाने शिकविल्याचा हा प्रत्यक्ष परिणाम आहे.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. भारतातील आधुनिक वास्तुकारांपैकी ज्यांनी या तत्त्वाचा खरा अभ्यास केला, त्यांनी हा दोष ओळखला होता. कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे हे मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयातून निघून हार्वर्डमध्ये ग्रोपियसच्या हाताखाली शिकले. त्यांनी रचलेल्या कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सावलीचे जोडमार्ग आणि वाऱ्याला वाट देणाऱ्या मोकळ्या जागा आहेत. चार्ल्स कोरिया यांनी तर सलिव्हनचे सूत्रच बदलून आकार हा हवामानाच्या मागून येतो, असे म्हटले. तेव्हा दोष आधुनिकतेचा नव्हे. नकाशाच्या सरसकट पुनरावृत्तीचा आहे.

३

आंतरराष्ट्रीय शैलीची वास्तू हलकी दिसू पाहते. तिच्यानंतर आलेली अनघड काँक्रीटची वास्तू जड दिसू पाहते. या एका वाक्यात दोहोंतील दृश्य भेद सांगता येईल. परंतु रचनेच्या अंगाने भेद असा आहे : पहिलीत सांगाडा आणि आवरण ही दोन निराळी असतात, दुसरीत सांगाडाच आवरण होतो. काँक्रीटवर गिलावा नाही, रंग नाही. साच्याच्या फळ्यांचे वळ तसेच ठेवलेले. ल कॉर्बुझिएची मार्सेय येथील १९५२ साली पूर्ण झालेली निवासवास्तू हा या रीतीचा आरंभबिंदू मानतात. रेनर बॅनहॅम या समीक्षकाने १९५५ मध्ये ‘नवा ब्रुटॅलिझम’ या नावाने तिची मीमांसा केली. भारतात चंडीगडच्या शासकीय वास्तूंतून ती आली. लुई कान यांनी अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत हाच जडपणा काँक्रीटऐवजी विटांतून साधला.

चंद्रपूर जिल्ह्यात या रीतीचे सर्वांत भव्य उदाहरण कोणत्याही वास्तुकाराने शैली म्हणून रचलेले नाही. ते म्हणजे दुर्गापूर-ऊर्जानगर येथील महाऔष्णिक विद्युत केंद्राचे शीतलन मनोरे. या केंद्रातील वीजनिर्मिती १९८० च्या दशकात सुरू झाली आणि आज त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. मनोऱ्याचा आकार कमरेत बारीक आणि वर-खाली रुंद असतो. भूमितीत त्याला अतिपरवलयज म्हणतात. हा पृष्ठभाग वक्र असूनही सरळ रेषांनी तयार होतो, ही त्याची खुबी होय. म्हणूनच फार मोठ्या उंचीचे काँक्रीटचे कवच अत्यंत पातळ ठेवता येते. या आकाराचा पहिला काँक्रीटचा शीतलन मनोरा १९१८ साली नेदरलंडमध्ये फ्रेडरिक व्हान इटर्सन या अभियंत्याच्या योजनेनुसार उभा राहिला.

हे उदाहरण येथे घेण्याचे कारण असे की, चंडीगडच्या विधानसभागृहाचा आकार ल कॉर्बुझिएला अशाच एका वीजकेंद्राच्या शीतलन मनोऱ्यावरून सुचला होता. मनोऱ्यात तो आकार गरम हवेला वर ओढण्यासाठी आहे. विधानसभेत तो प्रतीकासाठी आणि उंचावरून प्रकाश आणण्यासाठी आहे. आकार एकच, परंतु एके ठिकाणी तो कार्यातून जन्मला आणि दुसऱ्या ठिकाणी तो अर्थासाठी उसना घेतला गेला. यावरून असे दिसून येईल की, केवळ आकारावरून शैली ओळखणे किती अपुरे आहे. ऊर्जानगरचा मनोरा हा निखळ कार्यवाद आहे. चंडीगडचे सभागृह ही ब्रुटॅलिस्ट वास्तुकला आहे.

‘द्रव्याचा प्रामाणिकपणा’ हे या रीतीचे ब्रीद होय. काँक्रीटने काँक्रीटसारखेच दिसावे. हे तत्त्व आदरणीय आहे, परंतु ते अर्ध्यावर थांबते. काँक्रीट कसे दिसते, याविषयी ते बोलते. काँक्रीट कोठून आले, याविषयी बोलत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीही आहे आणि कोळसाही आहे. सिमेंटचे कारखाने, कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्र ही येथे एकमेकांच्या शेजारी आहेत. काँक्रीटच्या मागे खणलेली जमीन आणि जाळलेला कोळसा असतो, हे ज्ञान दूरच्या शहरातील वास्तुकाराला पुस्तकातून होते. येथील रहिवाशाला ते दारातून दिसते. द्रव्याचा प्रामाणिकपणा त्याच्या पृष्ठभागापुरता न ठेवता त्याच्या उगमापर्यंत नेला पाहिजे, हा धडा या शैलीला तिच्या सीमेवरच मिळतो.

४

उत्तर-आधुनिक वास्तुकलेचा जन्म कंटाळ्यातून झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. रॉबर्ट व्हेंच्युरी यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात शुद्धतेपेक्षा संकीर्णतेची बाजू घेतली. पुढे १९७२ मध्ये डेनिस स्कॉट ब्राउन व स्टीव्हन आयझेनूर यांच्यासह त्यांनी लास व्हेगासच्या रस्त्यांवरील दुकानांचा व फलकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी इमारतींचे दोन प्रकार पाडले. एक, जिचा आकारच तिचा अर्थ सांगतो ती. याला त्यांनी बदकाच्या आकाराच्या एका दुकानावरून ‘बदक’ म्हटले. दुसरी, जी आतून साधी पेटी असते आणि जिच्या अंगावर चिन्हे चढविलेली असतात ती. हिला आपण ‘शृंगारलेले कोठार’ म्हणू. व्हेंच्युरींचा कौल दुसरीकडे होता. सामान्य माणसाला वास्तू वाचता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

शृंगारलेल्या कोठाराचे उत्तम उदाहरण पाहावयाचे असेल तर बल्लारशाह आणि चंद्रपूर ही रेल्वे स्थानके पाहावीत. २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक-सुशोभन स्पर्धेत या दोन स्थानकांना मिळून पहिला क्रमांक मिळाला. ताडोब्याचा वाघ, वन्यजीवन, आदिवासी कला यांची चित्रे व शिल्पे त्यांवर आहेत. इमारतीची रचना इतर स्थानकांप्रमाणेच साधी आहे. जो फरक आहे तो पृष्ठभागावर आहे. लोसने पाहिले असते तर त्याने नाक मुरडले असते. परंतु येणाऱ्या प्रवाशाला आपण कोठे उतरलो हे भिंत सांगते आणि स्थानिक माणसाला आपली ओळख भिंतीवर आढळते, हे कार्यही क्षुल्लक नव्हे. टाइप प्लॅनने जे मौन धारण केले होते, ते येथे सुटले.

तथापि आक्षेपाला जागा आहे, आणि तो अलंकारावर नाही. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवरही अलंकार आहे. हत्तीवर स्वार झालेल्या सिंहाचे गोंड राजचिन्ह तेथे दगडात कोरलेले आहे. परंतु त्या चिन्हाचा कर्ता आणि त्या दरवाजाचा मालक एकच होता. राजा आपले चिन्ह आपल्या दरवाजावर कोरवीत होता. स्थानकाच्या भिंतीवरील आदिवासी आकृतीच्या बाबतीत चित्रित झालेला माणूस आणि इमारतीविषयी निर्णय घेणारा माणूस हे एक नाहीत. उत्तर-आधुनिक रीतीची मर्यादा ही येथे आहे. ती लोकांची चिन्हे घेते, लोकांचा अधिकार मात्र घेत नाही. चित्र आदिवासींचे, पण नकाशा टाइप प्लॅनचाच.

५

चौथी भूमिका प्रादेशिकतेची. केनेथ फ्रॅम्प्टन यांनी १९८३ मध्ये ‘चिकित्सक प्रादेशिकता’ या नावाने ती मांडली. जुन्या रूपांचे भावुक अनुकरण करावयाचे नाही आणि सर्वत्र सारख्याच दिसणाऱ्या आधुनिकतेलाही शरण जावयाचे नाही. स्थळ, प्रकाश, हवामान आणि बांधणीची कारागिरी यांतून आधुनिकतेला वळण द्यावयाचे, असे तिचे सार आहे. आपल्याकडे ही भूमिका या नावाच्या फार आधी व्यवहारात आली. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामातील माती, बांबू व कवेलूंची बापू-कुटी १९३६ नंतरच्या काळातील आहे. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून व्हावे, हा गांधीजींचा विचार आपल्या आयुष्यभराच्या कामाचे सूत्र झाले, असे लॉरी बेकर सांगत असत.

गडचिरोली जिल्ह्यात या भूमिकेचे सर्वांत विचारपूर्वक उदाहरण म्हणजे धानोरा मार्गावर चातगावजवळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात वसविलेले शोधग्राम आणि तेथील मां दंतेश्वरी दवाखाना. दवाखाना बांधण्यापूर्वी संस्थेने आदिवासींनाच विचारले की, तुम्ही रुग्णालयात का येत नाही. उत्तरे वैद्यकाची नव्हती, वास्तुशास्त्राची होती. मोठ्या इमारतीत माणूस हरवतो. रुग्णाला नातेवाइकांपासून तोडले जाते. पांढरे कपडे आम्ही मृतावर घालतो. आणि तेथे आमचा देव नाही. या उत्तरांतून दवाखान्याची मांडणी निघाली. एकच प्रचंड इमारत न उभारता खेड्यासारख्या विखुरलेल्या कुट्या, नातेवाइकांना राहता येईल अशी सोय आणि दंतेश्वरी देवीचे नाव.

या वास्तूचे मूल्यमापन करताना ती ‘आदिवासी शैली’ची आहे असे म्हणणे म्हणजे पुन्हा चित्राच्या मार्गाने जाणे होय. तिचे महत्त्व कुटीच्या आकारात नाही. कार्य कोणते, हे वापरणाऱ्याला विचारून ठरविण्यात आहे. सलिव्हनने आकार कार्याच्या मागून येतो म्हटले, पण कार्य कोण ठरवितो, हा प्रश्न त्याने विचारला नाही. टाइप प्लॅनमध्ये ते खाते ठरविते. शोधग्रामात ते रुग्ण आणि त्याचे नातेवाईक यांच्याशी बोलून ठरले. या अर्थाने हा दवाखाना कार्यवादाचा विरोधक नसून कार्यवादाची पूर्ती आहे, असे आमचे मत आहे.

याच संदर्भात वरोऱ्याजवळील आनंदवनाचाही उल्लेख केला पाहिजे. १९४९ साली बाबा आमटे यांनी आरंभिलेल्या या वसाहतीतील अनेक इमारती कुष्ठमुक्तांच्या श्रमातून उभ्या राहिल्या. तेथे बांधणारे हात आणि राहणारी माणसे एक झाली. समाजाने ज्यांना बाहेर काढले त्यांनी बांधलेल्या महाविद्यालयात समाजाची मुले शिकावयास आली. शैलीच्या कोणत्याही रकान्यात हे बसत नाही. वास्तूच्या अर्थात मात्र बसते.

६

आता मूळ तीन प्रश्नांपैकी दुसऱ्याकडे वळू : द्रव्य कोणाच्या अनुज्ञेने येते? पाठ्यपुस्तके हा प्रश्न विचारीत नाहीत, कारण शहरात द्रव्य बाजारातून येते. वनजिल्ह्यात ते वनातून येते, आणि वन हे कायद्याचे क्षेत्र आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या भूमिकेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील गोंडांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या काळात आपले घोटुल पुन्हा उभारले. घोटुल म्हणजे तरुणांचे आणि एकूण गावाचे सामुदायिक घर; त्याला सागाचे खांब लावणे ही परंपरा. सागाचा वापर बेकायदा ठरवून वनखात्याने ते उतरविले. गावाने ते पुन्हा उभे केले, आणि परिसरातील अन्य गावांनीही घोटुले उभारून त्याला साथ दिली. पुढे वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकारही त्याने मिळविला.

वास्तुसमीक्षेच्या दृष्टीने या प्रसंगाचा अर्थ फार मोठा आहे. ज्या वास्तूत तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी येतात, म्हणजे भार गावच्या लाकडावर, द्रव्य गावच्या वनातून आणि वास्तू गावासाठी, तीच वास्तू कायद्याने अवैध ठरली. दुसऱ्या बाजूस याच प्रदेशातील साग मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी समारंभपूर्वक रवाना झाला. साग चांगला आहे, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. तो कोणी वापरावा, एवढाच प्रश्न होता.

बांबूची कथा याहून बोलकी आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत ते वृक्षांत मोजले गेले. नव्वद वर्षांनी, २०१७ च्या अखेरीस, ती व्याख्या बदलली आणि वनाबाहेरील बांबूची तोड व वाहतूक यांवरील बंधन सुटले. वनजमिनीवरील बांबू मात्र वनकायद्याच्या कक्षेतच राहिला. निस्तार हक्काची तरतूद होती, हे खरे. पण परवान्याच्या आधाराने मिळणारे द्रव्य आणि दुकानात मागाल तितके मिळणारे सिमेंट यांची स्पर्धा समान म्हणता येणार नाही. तेव्हा या प्रदेशात काँक्रीट जिंकले ते एका शैलीने दुसरीवर मात केली म्हणून, असे मानणे भोळेपणाचे होईल. त्या विजयात परवान्याचा वाटा मोठा आहे.

याला सरकारी भाषेची जोड मिळाली. ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ हे दोन शब्द घरांच्या मोजणीत रूढ आहेत. मातीची किंवा बांबूची भिंत ‘कच्ची’ गणली जाते. येथे टिकाऊपणाचा निर्णय रचना पाहून होत नाही, द्रव्याचे नाव पाहून होतो. २०१६ पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर आणि त्यासाठी साध्या भागात १ लाख २० हजार व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये, अशी योजना झाली. तिच्यासोबत ‘पहल’ या नावाने प्रादेशिक गृहरचनांचा संग्रहही सिद्ध झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण प्रत्यक्षात घरकुल म्हणजे विटांची चौकट आणि वर स्लॅब, हे समीकरण खेड्यापाड्यांतून पक्के झाले आहे.

येथे दुसरी बाजू मांडली नाही, तर हे परीक्षण एकांगी होईल. स्लॅबचे घर लोकांना हवे असते, आणि ते केवळ प्रतिष्ठेसाठी नव्हे. कवेलू दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फेरावे लागतात. माकडे ते फोडतात. बल्ल्यांना वाळवी लागते. सारवणाचे आणि लिंपणाचे सारे कष्ट बाईच्या वाट्याला येतात. जो समीक्षक स्वतः स्लॅबखाली राहून दुसऱ्याला कुडाचा उपदेश करतो, त्याच्या उपदेशाला वजन नाही. शिवाय आगीचे भय खरे आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ साली स्थापन झालेल्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या बांबूच्या वास्तूस फेब्रुवारी २०२१ मध्ये आग लागून मोठी हानी झाली. बांबू हे आधुनिक द्रव्य होऊ शकते, हे दाखविण्यासाठी उभारलेल्या वास्तूवरच हा प्रसंग यावा, हे दुर्दैव होय.

परंतु यातून निष्कर्ष कोणता काढावयाचा? काँक्रीटच्याही इमारती कोसळल्या आहेत. त्यामुळे काँक्रीट कोणी सोडले नाही. त्याची मानके कडक केली, त्याचे शिक्षण अभ्यासक्रमात आणले. सलोह काँक्रीटच्या मागे शतकाहून अधिक काळाचे प्रयोग, संहिता आणि अभियंते उभे आहेत. बांबूच्या मागे बुरडाचे आणि माडिया कारागिराचे पिढीजात ज्ञान आहे, पण त्याला प्रयोगशाळा फार थोडी मिळाली. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे. बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या प्रक्रियेने बांबू किडीपासून वाचविता येतो. अग्निरोधासाठी मातीचा वा सिमेंटचा लेप देता येतो. कुडाच्या भिंतीवरील मातीचा लेप हेच तर मुळात करीत होता. तेव्हा तुलना करावयाची ती संशोधित काँक्रीट आणि असंशोधित बांबू यांची नव्हे. दोघांनाही समान संशोधन मिळाले असते तर काय झाले असते, याची होय.

७

या विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतील.

पहिला असा की, आधुनिक शैलींतील भेद बाह्य लक्षणांपेक्षा त्या कोणता प्रश्न विचारतात यात आहे. आंतरराष्ट्रीय शैलीने भार कोण वाहतो हे विचारले. ब्रुटॅलिझमने द्रव्य खरे आहे काय हे विचारले. उत्तर-आधुनिकांनी वास्तू लोकांना वाचता येते काय हे विचारले. प्रादेशिकतावाद्यांनी ती या स्थळाची आहे काय हे विचारले. प्रत्येकीचा प्रश्न रास्त होता, आणि प्रत्येक शैली आपला प्रश्न विसरून केवळ आपला चेहरा पुढे चालवू लागली, तेव्हा तिचा ऱ्हास झाला.

दुसरा असा की, या चारही शैलींनी एक प्रश्न टाळला : निर्णयाचा आणि द्रव्याचा अधिकार कोणाचा? १९३२ मध्ये आंतरराष्ट्रीय शैली जाहीर करणाऱ्या त्याच न्यूयॉर्कच्या संग्रहालयात १९६४ मध्ये बर्नार्ड रुडॉफ्स्की यांनी वास्तुकारांविना झालेल्या वास्तूंचे प्रदर्शन भरविले. त्याने अनामिक बांधणाऱ्यांना प्रतिष्ठा दिली. पण त्यांना छायाचित्र म्हणूनच दिली. मेंढ्याच्या घोटुलाने जो प्रश्न उभा केला, तो छायाचित्रात मावत नाही. लोकवास्तू ही एक शैली आहे असे म्हणून तिला पाचव्या रकान्यात बसविणे म्हणजे तो प्रश्न पुन्हा टाळणे होय.

तिसरा निष्कर्ष अभ्यासकांपुरता आहे. कवेलूंची आणि कुडाची घरे दरवर्षी कमी होत आहेत, आणि त्यांना थांबविण्याचा अधिकार आपणांस नाही. राहणाऱ्याने आपले घर बदलावे, हा त्याचा हक्क आहे. परंतु ती जाण्यापूर्वी त्यांचे मोजमापासह आराखडे करणे, बल्लीचा जाड-बारीकपणा, छपराचा उतार, कुडाच्या विणीचे प्रकार, घरातील दुपारचे व रात्रीचे तापमान यांची नोंद करणे, आणि ती घरे बांधणाऱ्यांच्या तोंडून त्यांची कारणे लिहून घेणे, हे काम विद्यापीठाच्या विभागांना करता येण्यासारखे आहे. हे काम स्मरणरंजनासाठी करावयाचे नाही. पुढील काळात ग्रामसभांच्या हाती आपल्या वनाचा बांबू अधिकाधिक येईल, तेव्हा त्यांपैकी एखादी ग्रामसभा शाळेची किंवा दवाखान्याची इमारत त्यातून बांधू इच्छील, आणि तिला अभियंत्यासमोर ठेवण्यासाठी आकड्यांची गरज भासेल. ते आकडे त्या वेळी तयार असावेत.